सिंह घे, पण आधी उलटा करून बघ

गोथेनबर्गहून एका वाचकाचं पत्र आलंय. थोडक्यात असं:

"ताई, नमस्कार. आम्ही तीन वर्षं स्वीडनला आहोत, नवरा गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर, मी अर्धवेळ नोकरी करते, लेक अडीच वर्षांची. इथल्या एका सेकंडहँड दुकानात मला एक छोटं मातीचं मांजर मिळालं, 60 क्रोनरला, खाली 'लीसा एल' असं कोरलेलं होतं. तेव्हापासून जो नाद लागला तो लागलाच. आता लीसा लार्सन या इथल्या प्रसिद्ध मातीकाम करणाऱ्या बाईचे आणि इतरांचे मिळून 23 प्राणी झालेत, शिवाय दोन-चार बायकांच्या मूर्ती. नवरा म्हणतो बास झाली ही धूळ खाणारी खेळणी. मी त्याला सांगते की बाई 2024 ला गेली, आता किंमत वाढतच जाणार, ही गुंतवणूक आहे. सध्या ऑनलाइन लिलावात तिचा आफ्रिका सिरीजमधला मोठा सिंह आलाय, 4000 क्रोनरच्या पुढे जाईल असं दिसतंय, पण वर्णनात मागचा पाय 'लागाद', म्हणजे दुरुस्त केलेला आहे असं लिहिलंय. घेऊ का? खरा जुना आहे हे कसं ओळखायचं? लेक सगळीकडे हात घालते त्याचं काय करू? आणि दोनेक वर्षांनी पुण्याला परत जायचंय, तेव्हा हे सगळं न्यायचं कसं?"

अगं, आधी सरळ उत्तर देते. हा सिंह या किमतीला घेऊ नकोस. गुंतवणूक हा शब्द घरात परत काढू नकोस. आणि प्राणी गोळा करणं मात्र अजिबात थांबवू नकोस, कारण तुझ्या पत्रावरून मला एवढं नक्की कळलं की तुला बघता येतं, साठ क्रोनरच्या मांजराकडे शंभर लोकांनी पाठ फिरवली असेल आणि तू ते उचललंस, ही नजर शिकवून येत नाही, ती असेल तर सांभाळायची आणि वाढवायची असते.

आता गुंतवणुकीचं. तू ज्या वस्तू गोळा करतेयस त्या मुळात सामान्य घरांसाठी बनल्या होत्या, आणि मला त्यातली हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. गुस्ताव्सबर्ग हा स्टॉकहोमजवळच्या वेर्मडो बेटावरचा चिनी मातीचा जुना कारखाना, 1937 ला स्वीडनच्या सहकारी संघाने तो विकत घेतला, आणि मग तिथे कपबश्या, बेसिन असं सगळं बनायचं, शेजारी 1942 ला एक स्टुडिओ सुरू झाला जिथे कलाकारांना हवं ते करून बघायची मोकळीक होती. विल्हेल्म कोगे, स्टिग लिंडबर्ग, बेर्न्ट फ्रीबर्ग ही मंडळी तिथली. लीसा तिथे 1954 ला आली. आणि कुठून आली माहितीये का, तुझ्याच शहरातून. ती जन्मली स्मोलांडमधल्या हेर्लुंडा गावात, 1931 ला, पण शिकली गोथेनबर्गच्या कलाशाळेत, जी आज एच-डी-के वालांड या नावाने ओळखली जाते, रोह्स्का म्युझियमच्या बाजूचीच बिल्डिंग. तू लेकीची बाबागाडी घेऊन वासागातानवरून जात असशील तर ती बिल्डिंग तुझ्या रोजच्या बघण्यातली असणार. लिंडबर्गने तिला वर्षभरासाठी म्हणून बोलावलं आणि ती 1980 पर्यंत राहिली.

त्या काळात तिने सिरीजवर सिरीज केल्या. 1955 चा 'लीला झू' म्हणजे छोटं प्राणिसंग्रहालय, 1958 च्या 'ए-बी-सी' मुली, ज्यांची नावं अमालिया, बेआटा, शार्लोटा अशी अक्षरांच्या क्रमाने जातात, 1964 चा 'आफ्रिका' ज्यात तुझा सिंह येतो, पुढे सत्तरच्या दशकात युनिसेफच्या मदतीसाठी केलेली जगभरातल्या मुलांची सिरीज. हे सगळं साच्यातून निघायचं, कारखान्यातले कामगार ते जोडायचे, घासायचे, रंगवायचे, भट्टीत घालायचे. म्हणजे एकेका प्राण्याचे नग भरपूर निघाले, आणि त्या काळी ते लग्नात, वाढदिवसाला भेट म्हणून घरोघरी गेले. म्हणून तर आज ते सेकंडहँड दुकानात येतात, आजी गेली, घर रिकामं केलं, खोका दुकानात. आता तूच सांग, ज्या वस्तू इतक्या प्रमाणात बनल्यात त्यांची किंमत केवळ कलाकार गेली म्हणून कायमची कशी वाढेल. बातमी आल्यावर काही महिने लोक उत्साहाने बोली लावतात, मग सगळं आपापल्या जागेवर येतं. शिवाय गुस्ताव्सबर्गच्याच काही जुन्या माणसांनी 1992 ला तिथल्या बंदरावर केरामिकस्टुडिओन नावाचा छोटा स्टुडिओ काढला आणि ते लीसाच्या मूर्ती आजही हाताने बनवतात, सिंहसुद्धा. म्हणजे आजही कोणालाही अगदी नवाकोरा, न तुटलेला सिंह दुकानातून घेता येतो. मग दुरुस्त केलेल्या पायाच्या जुन्या सिंहाला 4000 च्या वर का द्यायचे?

जुन्याला जास्त किंमत असते हे खरं, आणि असायलाही हवी, माझाही जीव जुन्यावरच आहे. पण ती धड असलेल्या जुन्याची किंमत. आणि लिलावात हातोडा पडला की विषय संपत नाही हेही लक्षात घे, मोठ्या लिलावगृहांकडे खरेदीदाराचं कमिशन वरून लागतं, वीस-पंचवीस टक्के सहज, मग पाठवणीचा खर्च, म्हणजे 4000 चा सिंह घरी येईपर्यंत 5000 च्या पुढे गेलेला असतो. बोली लावायच्या आधी हा हिशेब कागदावर कर.

खरा जुना कसा ओळखायचा, यासाठी सगळ्यात आधी वस्तू उलटी करायची सवय लाव. दुकानात मी कुठलीही मूर्ती हातात घेतली की चेहरा नंतर बघते, आधी तळ. तळाला बहुतेक वेळा ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा थर, नसतं, कारण ग्लेझ असलं तर भट्टीत वस्तू फळीला चिकटते, त्यामुळे मूळ माती तिथे उघडी दिसते. लीसाच्या बऱ्याच वस्तू आणि त्या काळातले स्वीडिश प्राणी हे स्टोनवेअरचे, म्हणजे जास्त तापमानाला भाजलेल्या घट्ट मातीचे, त्यात शॅमोट घातलेली असते, म्हणजे आधी भाजलेली माती कुटून परत कच्च्या मातीत मिसळतात, त्याने जाड अंगाची वस्तू सुकताना आणि भाजताना फाटत नाही. बोट फिरवलंस तर तळ रव्यासारखा खरखरीत लागेल. रंग राखाडी, तांबूस किंवा गडद तपकिरी असतो. तो तळ पांढराफेक, गुळगुळीत आणि हलका लागला तर थांब आणि परत विचार कर. तशाही खऱ्या वस्तू आहेतच, कारण कारखान्याने वेगवेगळ्या माती वापरल्या, पण तुझा प्राणी ज्या सिरीजचा म्हणून विकला जातोय ती सिरीज त्या मातीत झाली होती का हे शोधल्याशिवाय पैसे देऊ नकोस. पन्नास-साठ वर्षं कपाटात सरकवलेल्या वस्तूच्या तळाच्या उंचवट्यांवर झीज असते, मळ कोपऱ्यात बसलेला असतो, आणि मळ जर सगळीकडे एकसारखा लागलेला असेल, अगदी खाचेतही आणि उंचवट्यावरही, तर तो कोणीतरी लावलेला असू शकतो.

मग सही. लीसाची सही जुन्या वस्तूंवर असते आणि नव्यांवरही असते, त्यामुळे 'लीसा एल' दिसलं म्हणजे साठच्या दशकातलं, असं होत नाही. आणि सही आहे म्हणजे तिने स्वतःच्या हाताने ती मूर्ती केली असंही नाही, ते फक्त सुट्या, एकेकच केलेल्या वस्तूंच्या बाबतीत, आणि त्या तुला लोप्पिसवर, म्हणजे जुन्या सामानाच्या बाजारात, साठ क्रोनरला सहसा मिळणार नाहीत. गुस्ताव्सबर्गच्या कारखान्याचं चिन्ह नांगराचं, आणि स्टुडिओच्या कामावर हाताचा पंजा आणि त्यात इंग्रजी 'जी' अक्षर असं चिन्ह येतं. कागदी किंवा चमकीचं लेबल शिल्लक असेल तर सोन्याहून पिवळं, ते चुकूनही पाण्यात घालू नकोस, काढू नकोस, अर्धं सुटलेलं असलं तरी तसंच राहू दे. लेबल नुसतंच गेलं असेल तर त्याच्या जागी कधीकधी गोंदाचा पिवळट गोल राहतो, तोही पुसू नकोस.

अजून एक गोष्ट, टेप जवळ ठेव. खऱ्या मूर्तीवरून कोणी साचा काढून नक्कल केली तर ती मूळपेक्षा लहान निघते, कारण माती सुकताना आणि भाजताना आक्रसते, साधारण दहा टक्के धर, कधी जास्तही. त्यामुळे उंची-लांबी सेंटिमीटरमध्ये मोज आणि जुन्या लिलावांच्या नोंदीत त्याच प्राण्याची मापं काय दिलीत ती बघ. हाताने बनलेल्या वस्तूत थोडाफार फरक असतोच, पण सगळ्याच बाजूंनी एकसारखी कमी भरली, आणि वरच्या रेघा, केस, डोळे बोथट वाटले, तर सोडून दे. एक मात्र आहे, सिंहाचे आफ्रिका सिरीजमध्येच छोट्यापासून अवाढव्यपर्यंत वेगवेगळे आकार होते, तेव्हा लहान दिसला म्हणून लगेच नक्कल ठरवू नकोस, आधी कुठला आकार आहे ते ठरव.

आता त्या दुरुस्त पायाचं. दुरुस्ती वाईट असते असं माझं म्हणणं नाही, एखादी मूर्ती तुला इतकी आवडली की रोज बघायचीच आहे, आणि ती तुटकी म्हणून तुला परवडतेय, तर जरूर घे, माझ्या मते कलेच्या वस्तूकडे जाण्याचा तो अगदी चांगला रस्ता आहे. पण किंमत तशी हवी, धड वस्तूच्या निम्म्याहूनही खाली. आणि दुरुस्ती कशी आहे ते कळायला हवं. नुसता तुटलेला पाय परत चिकटवलाय का? की पाय हरवला होता आणि रेझिनचा नवा करून वर रंग मारलाय? दोन्हीला लोक 'लागाद' असंच लिहितात. हातात असेल तर जिभेच्या टोकाने किंवा ओठाने हलकं स्पर्शून बघतात जुनी मंडळी, ग्लेझ थंड आणि काचेसारखं लागतं, रंग मारलेली जागा कोमट आणि किंचित मऊ. नखाने किंवा सुईच्या टोकाने अलगद ओढलं तर ग्लेझवरून सुई घसरते, रंगावर अडकते. छोटा अल्ट्राव्हायोलेट टॉर्च घेऊन ठेव, स्वस्त मिळतो, अंधाऱ्या खोलीत त्याच्या उजेडात बरेच नवे गोंद आणि रेझिन वेगळे चमकतात आणि दुरुस्तीची हद्द स्पष्ट दिसते. बोटाने टिचकी मारून आवाज ऐकायची युक्ती वाट्या-ताटल्यांना चालते, या पोकळ, वेड्यावाकड्या आकाराच्या प्राण्यांना तितकीशी नाही.

ऑनलाइन असेल तर विक्रेत्याला मेसेज टाक आणि चार फोटो माग, तळाचा, दुरुस्तीचा अगदी जवळून, दुरुस्तीचा आडव्या उजेडात, आणि शेजारी पट्टी ठेवून पूर्ण प्राण्याचा. फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर विषय तिथेच संपव. वर्णनात काही शब्द सारखे येतात ते पाठच करून टाक, 'नाग्ग' म्हणजे टवका उडालाय, 'स्प्रिका' म्हणजे तडा, 'क्राकलेराद' म्हणजे ग्लेझवर बारीक जाळी पडलीय. जाळी ही बऱ्याचदा वयाची खूण, तिला घाबरू नकोस. तडा मात्र बघ कुठे आहे ते, भट्टीतच पडलेला तडा असेल तर त्यात ग्लेझ उतरलेलं दिसतं आणि तो पुढे वाढत नाही, नंतरचा तडा मातीचा कोरडा रंग दाखवतो आणि तो वाढू शकतो. आणि 'त्रोलीगेन लीसा लार्सन', म्हणजे बहुधा लीसाचं, असं लिहिलेलं असेल तर तू ती वस्तू बिननावाची समज आणि बिननावाचीच किंमत दे.

पण खरं सांगू का, तुझ्या पत्रातली मला खटकलेली गोष्ट वेगळीच आहे. 23 प्राणी 'लीसाचे आणि इतरांचे'. हे इतर कोण, ते तू लिहिलंच नाहीस. सिंहाबद्दल तू इतकं सगळं विचारलंस, आणि घरात ऑलरेडी असलेल्यांची नावं तुला माहीत नाहीत असं मला वाटतंय. तर पुढचे काही महिने नवीन काही न घेता जे आहेत त्यांना ओळखून काढ. एक वही कर, प्रत्येकाचा तळाचा फोटो, माप, वजन, कुठे घेतला, किती दिले. मग कळेल की त्यात कदाचित एखादा गुन्नार न्यूलुंडचा अस्वल किंवा बायसन निघेल, तो रोर्स्ट्रांडचा माणूस, 1931 ला तिथे आला, त्याआधी डेन्मार्कमध्ये नाताली क्रेब्ससोबत त्याने साक्सबो नावाचा मातीकामाचा कारखाना काढला होता. रोर्स्ट्रांडचा कारखाना तेव्हा काही वर्षं तुझ्या गोथेनबर्गमध्येच होता, मग लीदशोपिंगला गेला. त्याचे प्राणी बघ, लीसासारखे गोड नाहीत, त्यांना वजन आहे, ग्लेझ गडद, मॅट, पाठीवर जाड आणि कडांवर पातळ होत जाणारं, आणि मला विचारशील तर ते अजूनही त्यांच्या लायकीपेक्षा कमी किमतीत मिळतात. खाली तीन मुकुट, इंग्रजी 'आर' अक्षर, आणि न्यूलुंड अशी कोरीव सही शोध.

आणि तुझ्या त्या दोन-चार बायका, त्यातली एखादी मारी सिमुलसनची असेल तर आनंदाची गोष्ट. ती मूळची एस्टोनियाची, युद्धाच्या काळात स्वीडनला आलेली, 1949 पासून उप्साला-एकेबी कारखान्यात. तिच्या बायकांचे लांबट डोळे आणि माना एकदा बघितल्या की परत चुकत नाहीत.

डेन्मार्कही लांब नाही तुला, कोपनहेगनला ट्रेनने साडेतीन-चार तासांत जाता येतं. तिथल्या रॉयल कोपनहेगनच्या स्टोनवेअरमधली क्नुड क्यूनची अस्वलं म्हणजे माझ्या मते या सगळ्या प्रकारातलं सगळ्यात देखणं काम. चिनी धर्तीचं तपकिरी सुंग ग्लेझ, आणि बसलेलं, लोळलेलं, पाय चाटणारं अस्वल इतकं खरं की हा माणूस तासन्तास प्राण्यांसमोर बसून असणार हे कळतं. तिथे तारीख काढायची एक सुंदर सोय आहे, 1935 पासून ते तळावरच्या रॉयल कोपनहेगन या अक्षरांपैकी एका अक्षराच्या वर किंवा खाली छोटी रेघ मारायचे, आणि ती रेघ कुठल्या अक्षराला आहे त्यावरून वर्ष कळतं, तक्ते सहज मिळतात. आणि तिथल्या तीन लाटांच्या चिन्हावर आडवा ओरखडा मुद्दाम मारलेला दिसला तर तो दुय्यम प्रतीचा माल, किंमत त्याप्रमाणे कमी द्यायची. बोर्नहोम बेटावरचे मिकाएल अँडरसन, सोहोल्म वगैरे आहेत, स्कोनमधल्या गान्तोफ्ताचं यी केरामिक आहे, ही जरा स्वस्तातली, हात बसवायला छान.

एवढी नावं घेतली म्हणून सगळ्यांच्या मागे लागू नकोस, उलट म्हणते. ही सगळी बघ, हातात घे, आणि मग एक काहीतरी ठरव. फक्त अस्वलं. किंवा फक्त लीसाची मांजरं. किंवा ए-बी-सी मुलींचा पूर्ण संच, जो जमवायला तुला वर्षं लागतील. एकच गोष्ट वेगवेगळ्या हातांनी कशी केली ते शेजारी शेजारी ठेवून बघण्यात जो आनंद आहे आणि जेवढी नजर तयार होते, तेवढी दुकानात दिसेल ते उचलून होत नाही. तीन अस्वलं तीन वेगळ्या देशांतली एका फळीवर ठेव आणि बघ तुझा नवराच येऊन विचारतो की नाही, हा कुठला गं म्हणून.

त्याच्याबद्दल एवढंच, तो म्हणतोय ते पूर्ण चूक नाही. धूळ खातातच. आणि परदेशातल्या भाड्याच्या घरात जागा आणि पैसा दोन्ही मोजूनच असतं. पण त्याला गुंतवणूक म्हणून पटवू नकोस, कारण उद्या एक प्राणी विकायला काढलास आणि निम्मे पैसे आले की तू वाद हरलीस. त्याला सरळ सांग की मला हे आवडतं, आणि महिन्याची एक रक्कम ठरवून घे, ती तुझी, तिचा हिशेब कोणी विचारायचा नाही. जागाही ठरव, एक कपाट, काचेच्या दाराचं. कपाट भरलं की नवीन आणायचं तर जुनं एक जायला हवं. हा नियम मी मनापासून सुचवतेय, कारण विकताना आपल्याला कळतं की कुठला प्राणी आपल्याला खरंच सोडवत नाही, आणि हळूहळू संग्रह आपोआप चांगला होत जातो. सासूबाई येतील तेव्हा त्यांना कपाटाची साफसफाई देऊ नकोस, गोष्टी सांग, कुठल्या बाईने बनवलं, कधी बनवलं. आपल्याकडे त्या पिढीच्या घराघरांत शोकेस होतीच, त्यात कोकणातून आणलेलं, कुठल्या यात्रेहून आणलेलं सगळं मांडलेलं, त्यांना यातली गंमत तुझ्या नवऱ्यापेक्षा लवकर कळेल.

लेकीसाठी काचेचं दार हाच उपाय, आणि कपाट भिंतीला स्क्रूने पक्कं कर, हे आजच कर, प्राण्यांपेक्षा लेकीसाठी. उघड्या फळीवर ठेवायचंच असेल तर लोक म्युझियम पुट्टी, म्हणजे वस्तू जागेवर धरून ठेवणारा चिकट लगदा, लावतात, ती ग्लेझ असलेल्या तळाला ठीक, पण उघड्या, खरखरीत मातीला लावू नकोस, तिचा तेलकट डाग मातीत मुरतो आणि निघत नाही. आणि एक-दोन न तुटणारे, कमी किमतीचे जाडजूड प्राणी तिच्या हातात जरूर दे, शेजारी बसून, गालिच्यावर. मातीची वस्तू दोन हातांनी धरायची असते हे अडीच वर्षांच्या मुलीला कळतं.

धुवायचं तर कोमट पाणी, मऊ ब्रश, संपलं. डिशवॉशरमध्ये कधीही नाही. लेरगोड्स, म्हणजे कमी तापमानाला भाजलेली मऊ माती, तिला पाण्यात बुडवूनही ठेवू नकोस, ती पाणी पिते आणि जाळीतून आतपर्यंत डाग जातो. रंग मारून दुरुस्त केलेल्या वस्तूला फक्त कोरडा ब्रश.

या सगळ्यासोबत एक काम लेकीला घेऊन करता येईल. उन्हाळ्यात स्टॉकहोमला गेलात की गुस्ताव्सबर्गला जा, शहरातून बसने अर्धा-पाऊण तास. जुन्या कारखान्याच्या आवारात पोर्सलेनचं म्युझियम आहे, ते स्वीडनच्या नॅशनल म्युझियमने परत उघडलं, तिथे या वस्तू ओळीने बघता येतात, आणि बंदरावर केरामिकस्टुडिओनचं दुकान आहे. नवा सिंह हातात घेऊन बघ तिथे, त्याचं वजन, त्याच्या आयाळीतल्या रेघा किती खोल आहेत, ग्लेझ कुठे जमलंय. हे एकदा हाताला कळलं की फोटोतला जुना सिंह तुला वेगळा दिसायला लागेल. घराजवळ रोह्स्का आहेच, आणि मेमध्ये मायोर्नात मोठं लोप्पिस भरतं तिथे सकाळी लवकर जा, सुटे पैसे आणि मोबाइलवरचं पेमेंट दोन्ही तयार ठेव, आणि टेप न विसरता.

आता पुण्याचं. एवढ्यात काही करायचं नाही, पण वही आजपासून ठेवलीस तर तेव्हा निम्मं काम झालेलं असेल, कारण सामानाच्या विम्याला फोटो आणि बिलं लागतात, आणि कस्टमने विचारलं तर दाखवायलाही तीच. लोप्पिसवर बिल मिळत नाही, मग मोबाइलच्या पेमेंटचा स्क्रीनशॉट वहीत चिकटव. सगळ्यात आवडते चार-पाच हँडबॅगेत, बाकीचे सामानात. प्रत्येक प्राणी आधी पातळ, बिनछपाईच्या कागदात, कारण वर्तमानपत्राची शाई खरखरीत मातीला लागते. मग कान, शेपूट, पाय यांच्या आजूबाजूला कागदाचे बोळे भरून पूर्ण प्राण्याचा एक गोळा कर, जेणेकरून बाहेर आलेला एकही भाग स्वतः वजन घेणार नाही, आणि मग बबल रॅप. ते छोट्या खोक्यात, आणि छोटे खोके मोठ्या खोक्यात, मध्ये सगळीकडून चार बोटं भरण. पोकळ प्राण्यांच्या तळाला भोक असतं, भाजताना आतली हवा निघून जायला ठेवलेलं, त्यात कागद कोंबू नकोस. दोन प्राणी एका गुंडाळीत घालायचे नाहीत, कितीही छोटे असोत. आणि वजनदार न्यूलुंडचा बायसन निघालाच तुझ्या कपाटात, तर तो खोक्यात सगळ्यात खाली, एकटा.